राहीस घर, आणि सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे पुस्तक

त्या सकाळी अंगण सारवून झाले होते, चुलीवर पेज शिजत होती, आणि माझी पुतणी राही माझ्या ओटीवर तांदूळ निवडता निवडता स्पॅनिश शब्द घोकत होती. "पेरो म्हणजे पण. र जोरात घेतला की पेर्रो, म्हणजे कुत्रा." तेवढ्यात तिचे वडील, माझे दीर बाबाजी, आले.

"वयनी, रांडावल्या पोरीला ही भाषा कशाला? घरी भात कांडायला कोन हाय? उद्यापासून ती हितं येनार न्हाय."

"पेरो..." राही खाली मान घालूनच म्हणाली.

"बापाला कुत्रा म्हनतेस गो?"

"कुत्रा न्हाय बाबा, 'पन' बोलले."

बाबाजी तिला दंडाला धरून घेऊन गेले. त्यावरून हे लिहावेसे वाटले.

मी, आवडाबाई भ्रतार हरेश्वर घरत, वय अदमासे पंचावन्न, राहणार चौल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत स्वतःच्या अक्षरात लिहिते. चालताना दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. नवऱ्याचे नाव मी जन्मात तोंडाने घेतले नाही. कायद्याला हवे म्हणून लिहिले. साक्षीदारांनी ते माझ्याकडून वदवून घेऊ नये.

१. राहते घर व मागची नारळांची वाडी मला माझ्या वडिलांनी आंदण दिली. त्यांवर सासरचा हक्क नाही. दोन्ही राहीस देते. तिचे लग्न सातव्या वर्षी झाले आणि वर्षाच्या आत नवरा पटकीने गेला. गाव आम्हा दोघींना विधवाच म्हणते. मला ज्यांची आठवण येते त्यांचा चेहरा पाठ आहे. तिला आठवायला चेहराच नाही. तिला या घरातून कोणी उठवू नये.

२. ह्यांची आगबोट दक्षिण अमेरिकेच्या बंदरांना जाई. तिथून आणलेले शब्दांचे पुस्तक राहीस. मराठी मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून आपली आपण शिकले. रोमी अक्षरे ह्यांनी चुलीच्या राखेत काढून दाखवली. शेवटच्या खेपेस म्हणाले, "कासादो म्हणजे लग्न झालेला, कान्सादो म्हणजे दमलेला." मी म्हटले, "मग दोन शब्द कशाला ठेवलेत?" पुष्कळ हसले. पुढच्या फेरीत परक्या बंदरात तापाने गेले. माती तिकडेच झाली.

३. आळीतला जो कोणी पहिल्यांदा बोटीवर निघतो, तो नारळ घेऊन माझ्या ओटीवर येतो आणि घोटाळ्याचे शब्द शिकून जातो. ओम्ब्रे म्हणजे माणूस, आम्ब्रे म्हणजे भूक. परमुलखात उपाशी माणसाला एवढे तरी नीट सांगता यावे. ही रीत राहीने चालवावी. नारळ घ्यावा, लाजू नये.

४. बाबाजींस माझा पाटा-वरवंटा. यापुढे त्यांचे वाटण त्यांनी वाटावे. राग धरू नये; धरला तरी हरकत नाही.

 बाबाजी राहीला घेऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात जाऊन तिला हाक मारली, तिची दोन लुगडी बोचक्यात बांधली आणि तिला माझ्या घरी घेऊन आले.

सही, स्वहस्ते: आवडाबाई

साक्ष: धर्मा रावजी ठाकूर, खलाशी, सही
साक्ष: मनुबाई काळूराम पाटील, शेजारीण, सही येत नाही सबब निशाणी बांगडी

मुक्काम चौल, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५६