रस्त्यापलीकडचं पिवळं घर

१ ऑक्टोबर, मंगळवार

कॉलेजचा सुरक्षा अहवाल आज सगळ्यांना ईमेलवर आला. कायद्यानं दरवर्षी द्यावाच लागतो. बलात्कार, गेल्या वर्षी – शून्य.

मॅरेननं वाचला, लॅपटॉप मिटला. "म्हणजे मी शून्य," एवढंच म्हणाली आणि माझीही कॉफी केली. गेल्या नोव्हेंबरात फाटकासमोरच्या त्या पिवळ्या घरातल्या पार्टीत तिच्यासोबत जे झालं, ते तिनं पोलिसांना सगळं सांगितलं होतं. मीच नेलं होतं तिला. एका खोलीत राहतो आम्ही!

२ ऑक्टोबर

सुरक्षा कार्यालयात जाऊन भांडले. तिथले अधिकारी ओकेसी शांतपणे म्हणाले, "पोरी, खोटं काही लिहिलेलं नाही. रस्त्यावरचे गुन्हे आम्ही मोजतो, पलीकडच्या फुटपाथवरचेही मोजतो. त्या घराचं अंगण खासगी. तिथं आमची हद्द संपते."

माणूस वाईट नाही, हेच जास्त खुपतं. त्या घरातले भाडेकरू आमच्याच वर्गातले, पार्टीला जाणारेही आम्हीच. पण हद्द म्हणजे हद्द.

३ ऑक्टोबर

शनिवारी माझी टूर. प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांना, त्यांच्या आईबापांना कॉलेज दाखवायचं – उलटं चालत, तोंड त्यांच्याकडे, हसरं. प्रवेश कार्यालयातल्या हॅडलीबाई म्हणाल्या, "सुरक्षिततेचं कुणी विचारलं तर शून्य सांग. आणि जरा खुलून सांग गं, त्यावरच तर पालक भुलतात."

शनिवारी टेसाही येतेय, बाबांना घेऊन. माझी धाकटी बहीण. मी इथं आहे म्हणून तिलाही इथंच यायचंय.

४ ऑक्टोबर

मॅरेनला विचारलं – सांगू का उद्या?

बराच वेळ मोज्यांच्या जोड्या लावत बसली. मग म्हणाली, "सांग. पण माझं नाव नको. तेवढं नाही झेपायचं मला."

हॅडलीबाई मला काढून टाकतील. टाकू देत. भीती त्यांची नाही, बाबांच्या चेहऱ्याची वाटते.

५ ऑक्टोबर, शनिवार

टूर दरवेळी दगडी फाटकाशी संपते, पिवळ्या घरासमोर. तिथंच बाबांनी विचारलं, सगळ्यांसमोर, "काय गं, ही धाकटीही इथं सुखरूप राहील ना?"

मी वळले, सरळ चालत सगळ्यांना रस्ता ओलांडून नेलं. पिवळ्या घराच्या अंगणात मॅरेन उभी होती, मी न बोलावता. मी बोलायला लागले तशी "थांब," म्हणाली, "नाव मीच सांगते."