दीड फेरा

६ जानेवारी, सोमवार
आज सकाळी माझा दात घासायचा ब्रश कर्तव्य बजावताना दिवंगत झाला! तुळशीराम मेकॅनिकने त्या ब्रशने फियाटचा जुना कार्बोरेटर घासला. मी शोकसभेची भाषा काढली, तर म्हणतो, "भाऊ, दात किती उरले तुमचे? ब्रशात काऊन जीव अडकून राह्यला?"

एवढं करून जुना कार्बोरेटर गेलाच. नवा कुरिअरने येतोय. घाई आहे. वैजनाथदादाच्या गळ्यात गाठ आलीय. खामगावचे डॉक्टर म्हणाले, अकोल्याला नेऊन तुकडा तपासा, उशीर नको. दादाची अट — "फियाट तीस वर्सं चालवली. तिच्यातच जाईन. एस्टीत नाही, कोनाच्या गाडीत नाही." मला पाठशाळेत घातलं ते या थोरल्या भावानेच. तिथे न्यायशास्त्र शिकलो. पण दादापुढे माझा एक मुद्दा टिकत नाही.

८ जानेवारी, बुधवार
नवा बसवला. भोकं जुळली, स्वभाव नाही. पेट्रोल उतू जातंय, मागून काळा धूर. तुळशीरामने आतल्या, पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची पत्र्याची जीभ केसभर वाकवली — उतू जाणं थांबलं. आता गाडी उभ्या उभ्या फडफडते. पेपरला वडनेरच्या नळयोजनेची बातमी पाठवायची होती, राहिली.

९ जानेवारी
दादाला भाकर गिळवत नाही. वरणात कुस्करून अर्धी खाल्ली.

११ जानेवारी, शनिवार
जमलं! हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आवळायचा, मग दीड फेरा सैल. दीडच! नांदुऱ्यापर्यंत जाऊन आलो. दादा शेजारी डोळे मिटून इंजिन ऐकत होता. "हाव. आता बरोबर बोलून राह्यली." सोमवारी अकोला ठरलं. मंजुश्रीने वाटेसाठी दशम्या करायचं काढलं — बायको माझी, पण दशम्या दिरासाठी!

१३ जानेवारी, सोमवार
वेशीपर्यंत दोन आचके, आणि बंद. ढकलत परत आणली. तुळशीराम डोकं खाजवत बसला. "शनिवारी सोन्यावानी होती, भाऊ!" मी म्हटलं, उद्या संक्रांत, परवा बघू. दशम्या आम्हीच खाल्ल्या.

१५ जानेवारी, बुधवार
स्क्रू बराच आवळला गेला होता म्हणे. पुन्हा दीड फेरा, पुन्हा सुरळीत. तुळशीरामने मंजुश्रीकडून नेलपॉलिश मागून घेतली आणि स्क्रूवर लाल रेघ ओढली. "आता हालला तं दिसन." तिची कुरकुर — "लग्नातली बाटली हो ती!" उद्या निघायचं.

१६ जानेवारी, गुरुवार
गाडी निघाली नाही. रेघ तुटलेली. तुळशीरामने एकदा रेघेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. हत्यारं गोळा केली आणि चहा न घेता गेला.

१७ जानेवारी, शुक्रवार
काल दादा एवढंच म्हणाला — आवाज आता कुजबुजीपुरताच उरलाय — "सकाळी बोनेट वाजलं. मले ऐकू येते ना बे अजून."

स्क्रू मीच फिरवत होतो. दोन्ही वेळा. इथेही लिहिलं नाही.

आत्ता जागेवर आणलाय. दादा गाडीत बसलाय. गाठ कॅन्सरची निघेल, याची मला भीती वाटते; म्हणूनच फिरवला. आणि यातले चार दिवस मी घालवले.