‘ओढ’ हा शब्द सोमवारपासून रद्द

२ मे, शुक्रवार
आजपासून मी सेफ्टी सुपरवायझर. कालपर्यंत चिमाजीशेठच्या ऑफिसात चलनं टाइप करत होतो. शेठ म्हणजे माझ्या बायकोचे, वर्षालीचे मामा. पुनावळ्यातल्या सोसायट्यांपासून चाकणच्या कंपन्यांपर्यंत झाडं छाटायची कंत्राटं घेतात. आता कंपन्या गेटवरच विचारतात, तुमचा सेफ्टीवाला कोण? म्हणून मला दोन दिवसांच्या कोर्सला पाठवलं. सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं. वर्षाली म्हणाली, तुला गॅलरीत कपडे वाळत घालताना चक्कर येते. तिला समजावलं की झाडावर चढणं हे लेबरचं काम, सेफ्टी डोक्यात असते.
संकल्प: रोज टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी सेफ्टीचं भाषण. झिरो अपघात. आवाजात जरब.

५ मे, सोमवार
पहिला टूलबॉक्स टॉक. सोसायटीचं गेट, सकाळी पावणेआठ. टीम तीन माणसांची. जयसिंग झाडावर चढतो, पंधरा वर्षं चढतोय. खाली दोर धरायला खंडू आणि जयसिंगची बायको कस्तुरा. पंचवीस मिनिटं बोललो. प्रश्न विचारा म्हटलं, तर खंडूने विचारलं, टूलबॉक्स कधी मिळणार?
जरब अजून बसलेली नाही.

६ मे, मंगळवार
यांची कामाची पद्धत पाहून हादरलो. फांदीला दोर बांधायचा, वर जयसिंगने कटर मारायचा, खालच्यांनी दोर ओढून फांदी गाड्यांपासून लांब पाडायची. आणि हे सगळं तीन शब्दांवर. ओढ, सोड, थांब. ना चार्ट, ना कोड. पंधरा वर्षांत अपघात नाही म्हणे. मी म्हटलं, झाला नाही याचा अर्थ होणार नाही असा नव्हे. हे वाक्य मला फार आवडलं. कोर्समधलंच आहे, पण बरोबर जागी वापरलं.

८ मे, गुरुवार
मोठी बातमी. चाकणची एक कंपनी कंत्राटदारांना ‘मॉडेल साइट’ची शील्ड देणार आहे. व्हिडिओ पाठवायचा. शील्ड म्हणजे माझीच, यात शंका नाही.
पण व्हिडिओत थांब-सोड असलं काही चालणार नाही. घरी बसून चार्ट केला. सोमवारपासून ओढ म्हणजे पुल, सोड म्हणजे रिलीज, थांब म्हणजे होल्ड.
कस्तुरा चार्ट वाचून म्हणाली, साहेब, होल्ड अन् ओढ वरून सारखंच ऐकू येतंय. बाई सातवी शिकलेली आहे, म्हणून शांतपणे समजावलं. ओढ हा शब्द सोमवारपासून रद्द. रद्द झालेला शब्द ऐकू येईलच कसा? गप्प झाली. लॉजिकपुढे माणूस गप्प होतोच.
जयसिंग म्हणाला, बाकी सगळं बदला, थांब तेवढं राहू द्या. नाही म्हटलं. ‘अनुभवी कामगाराचा फाजील आत्मविश्वास’ अशी कोर्समध्ये वेगळी स्लाइड होती.

१२ मे, सोमवार
अंमलबजावणी. जयसिंग वरून पुल म्हणाला तर खंडू रस्त्याकडे बघून, कुठला पूल?
जयसिंगच्या तोंडी थांब बसलाय. नियम केला, थांब म्हणाला की झाडावरून पूर्ण खाली यायचं, माझ्यासमोर दहा वेळा होल्ड म्हणायचं आणि परत चढायचं. सहा वेळा खाली आला. सहाव्या वेळी शर्ट घामाने निथळत होता आणि कस्तुरा भिंतीकडे तोंड करून उभी होती. वाईट मलाही वाटलं. पण शिस्त लावताना डॉक्टरासारखं कठोर व्हावं लागतं. सोसायटीचा वॉचमन हसत होता, त्याला समज दिली.

१४ मे, बुधवार
पूर्ण यश. आज जयसिंग एकदाही थांब म्हणाला नाही. दिवसभर काहीच म्हणाला नाही, हे खंडूचं मत. शांतता हासुद्धा सेफ्टीचाच भाग आहे.
आवाजाचा त्रास नको म्हणून खालच्या दोघांना इअरप्लग दिले. कस्तुराने विचारलं, कानात बोळे घालून ऐकायचं कसं? या बाईला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.

१६ मे, शुक्रवार
व्हिडिओच्या सुरुवातीला मी शिडीवर उभा आहे असा शॉट हवा होता. मारुंजीच्या साइटवर प्रॅक्टिस. पाचव्या पायरीवर शिडी हलायला लागली. शिडी ठीक होती म्हणतात, पण मला जाणवलं. डोळे मिटले. जयसिंगने खालून एकेक पाऊल हाताने धरून पायरीवर ठेवलं, बोलत राहिला, साहेब, हा डावा, आता उजवा. खाली आल्यावर कोणी हसलं नाही. खंडूचं तोंड उघडत होतं, जयसिंगने त्याला नजरेनेच दाबलं. वचकच असा आहे माझा.
शिडीचा शॉट रद्द.

१९ मे, सोमवार, सकाळी साडेसहा
चाकण. आज शूटिंग. इस्त्रीचा शर्ट, रिफ्लेक्टर जॅकेट. टीमला बजावलं, आज एकही मराठी शब्द नको. व्हिडिओ शेठ बघणार, कंपनी बघणार. जयसिंगने मान डोलावली. माणूस तयार केलाय मी.

१९ मे, संध्याकाळी
अपघात म्हणता येणार नाही. कोर्सच्या भाषेत ‘इन्सिडेंट’.
क्रमाने लिहितो, रिपोर्टला उपयोगी पडेल. सव्वादहा. पार्किंग शेडवर आलेली रेन ट्रीची फांदी. जयसिंगने ती निम्मी कापली आणि त्याचा पाय बेचक्यात अडकला. कटर चालूच. तो ओरडला. खालच्या दोघांनी जोर लावून ओढलं. फांदी पडली नाही, फिरली आणि पायावर बसली.
मी व्हिडिओ घेत होतो. शिट्टी गळ्यात होती. वाजवायचं सुचलं नाही.
खंडू शिडीकडे पळाला. कस्तुरा दोर सोडेना. फांदी सालीवर लटकत होती, दोर सुटला असता तर परत त्याच्यावर गेली असती. हे तिला तेव्हाच कळलं होतं, मला नंतर कळलं. वीस मिनिटं एकटीने धरून होती. कंपनीच्या फायरवाल्यांनी त्याला उतरवलं, तरी तिची मूठ उघडेना. खंडूने एकेक बोट सोडवलं. रेस्क्यू प्लॅन माझ्याकडे होता, टेम्पोत.
गाडीत घालताना जयसिंग शुद्धीवर होता. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. बहुधा सॉरी.

२० मे, मंगळवार
डावा पाय गुडघ्याखालून काढला.
शेठ फोनवर एवढंच म्हणाले, रिपोर्ट दे, नाहीतर कंपनी साइट बंद करेल. माझी काही चूक आहे का, हे प्रामाणिकपणे तपासलं. हेल्मेट सगळ्यांना होतं. चार्ट लावलेला होता. चूक सापडली नाही. जेवण गेलं नाही, उकाडा फार आहे.

२१ मे, बुधवार
व्हिडिओ अकरा वेळा ऐकला. जयसिंग स्पष्ट होल्ड म्हणतोय. खात्रीसाठी वर्षालीला हाक मारली, स्क्रीन झाकून नुसता आवाज ऐकवला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ओढ म्हणतोय.
व्हिडिओ डिलीट केला. मोबाइलमध्ये जागा नव्हती.

२२ मे, गुरुवार
रिपोर्ट झाला. कारण या रकान्यात लिहिलं, ‘आदेश अचूक होता. दोर धरणाऱ्या महिला कामगाराने चुकीचा अर्थ घेऊन दोर ओढल्यामुळे इजा झाली.’ खंडूचंही नाव टाकता आलं असतं, पण तो वाद घालतो.
सहीसाठी पिंपरीला दवाखान्यात गेलो. कस्तुरा वॉर्डाबाहेर बाकावर होती, दोन्ही तळहातांना पट्ट्या. फॉर्मॅलिटी आहे म्हटलं. तिने बोट ठेवून सगळं वाचलं. मग पुन्हा वाचलं. विचारलं, कुठं करू? पेन नीट धरता येईना, म्हणून मी कागद घट्ट धरला. कर्मचाऱ्यांचं सहकार्य उत्तम.
पाच चाळीसला मेल केला. कंपनीचं उत्तरही आलं, साइट चालू राहील.

२४ मे, शनिवार
जयसिंगने बोलावलं म्हणून गेलो. भांडेल असं वाटलं होतं, रिक्षात उत्तरं पाठ केली. एकही लागलं नाही.
तो म्हणाला, थांब तोंडात आलंच होतं साहेब, पण गिळलं. तुमचा व्हिडिओ चालू होता.
मग मला जवळ बोलावून म्हणाला, एक काम करा. कस्तुरा पाच दिवस झाले जेवत नाही. आपणच ओढलं, आपणच पाय घेतला म्हणती. मी कितीबी सांगितलं तरी तिला पटत नाही. तुमच्या त्या कागदात लिवा, दोर एकट्या खंडूच्या हातात होता. खंडूला विचारलंय, तो चालतंय म्हणाला. छापलेलं असलं, खाली साहेबाची सही असली, की तिला खरं वाटंल. तिला वाचायला येतं.
मी लिहितो म्हणालो. किती वेळा म्हणालो ते आठवत नाही. तो हात जोडत होता, ते मला बघवेना.
बाहेर कस्तुरा बाकावर होती. मला बघून उठून उभी राहिली. विचारलं, साहेब, तो कागद कंपनीला पोचला का? पोचला म्हटलं.
बरं झालं, म्हणाली, खरं होतं ते कागदावर लागलं एकदाचं.