धुतलेल्या दगडांचे नंबर

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

कर्वेनगर, पुणे
गुरुवार

प्रिय सौमित्र,

काल तुझं पाकीट पोचलं. छापील लेखाची एक प्रत, सत्काराची पत्रिका, पत्रिकेवर तुझा फोटो. तिकीट कमी लावलं होतंस, पोस्टमनने माझ्याकडून बत्तीस रुपये घेतले. पत्रिकेचा कागद मात्र जाड आहे. तिथे काटकसर केली नाहीस, बरं झालं.

लेख इंग्रजी, मी मॅट्रिक, तरी बोट ठेवून वाचला. शेवटच्या पानावर आभारात बारीक अक्षरात यांचं नाव सापडलं, नकाशे काढून देणाऱ्या कुणा अक्षताच्या खाली. नऊ वर्षं यांनी पूर्व विदर्भातल्या त्या दोन टेकड्या पायाखाली घातल्या, एक नदीअलीकडची, एक पलीकडची, आणि तिथले दगड घरी आणले. त्यांच्यात ते मॉलिब्डेनमचं काळं खनिज. हात लावला की बोटं शिसपेन्सिलीने माखल्यासारखी होतात. हे म्हणायचे, "मुक्ता, या खनिजाच्या पोटात घड्याळ असतं. कधी जन्मलं ते सांगतं." तू तेव्हा यांच्या हाताखाली पीएचडी करत होतास आणि आठवड्यातून चारदा आमच्याकडे जेवत होतास. माझा गोळाभात तुला आईच्या हातचा वाटायचा, असं तूच म्हणायचास.

हे दवाखान्यात तीन आठवडे होते, तू एकदाही फिरकला नाहीस. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन दारात. "काकू, सरांचं काम वाया जाऊ देणार नाही," म्हणालास. बेचाळीस दगड, मोजून आलेली वयं, रजिस्टर, सगळं नेलंस. जाताना विचारलंस, "सरांचे आणखी काही कागद?" मी नाही म्हटलं. खोटं बोलले. त्यापायी महाराजांचे अकरा गुरुवार उपास केले.

आता त्या दगडांचं ऐक. फार पूर्वी, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, मी घर धुवायला काढलं होतं. दगड देवघराखालच्या फळीवर असायचे आणि त्यांचं काळं देवाच्या वस्त्रांना लागलं होतं. मी सगळे बाल्कनीत नेऊन सोडा घालून काथ्याने घासले. दगड लख्ख झाले, वरचे नंबरही गेले. घाबरले, पण मला हिशेबाची सवय. रजिस्टरात प्रत्येक दगडाचं वजन होतं, माझ्याच अक्षरात. स्वयंपाकघरातला काटा आणला, एकेक दगड तोलला आणि ज्याच्याशी वजन जुळलं तो नंबर त्याच्यावर परत रंगवला. बारा दगडांची वजनं एकमेकांशी सारखी निघाली. तिथे देवाचं नाव घेऊन अंदाजाने लिहिलं. यांना बोलले नाही.

यांना चार वर्षांनी कळलं, एका दगडातल्या गुलाबी रेघेवरून. तशी रेघ फक्त पलीकडच्या टेकडीत, आणि नंबर अलीकडचा. मी घातलेल्या नंबरांनीच वयं परदेशातून मोजून आली होती, लेख लिहून तयार होता. मला विचारलं, मी खरं ते सांगितलं. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. नुसतं "असू दे" म्हणाले आणि लेख फाडला. पुन्हा घरात दगड आणला नाही. माझ्याशी बोलायचे ते दूध आलं का, वीजबिल भरलं का, एवढंच. गेले तेही तसेच. मागे एक कागद ठेवला: त्या बारा दगडांचे नंबर, खाली "यांची वयं धरू नयेत", तारीख आणि सही.

तुझा लेख त्या बारांवरच उभा आहे, बाबा. अलीकडची टेकडी आधीची, पलीकडची नंतरची, असं ठासून लिहिलंयस. तक्त्यातले नंबर मी कागदाशी ताडून पाहिले, बाराच्या बारा आहेत. गुलाबी रेघ तुलाही दिसली असती, पण तू दगड हातात घेऊन पाहिलेच नाहीस, रजिस्टर तेवढं उतरवलंस. लेख पाठवल्याचा फोन केलास, स्वीकारल्याचा केलास. दोन्ही वेळा मी "छान झालं रे" म्हटलं. तेव्हाच सांगितलं असतं तर तू बारा दगड गुपचूप वगळून मोकळा झाला असतास. म्हणून छापून येईपर्यंत थांबले.

प्राध्यापकपदाची तुझी मुलाखत महिनाअखेरीस आहे, असं पत्रिकेतच लिहिलंयस; इतकी घाई कुणी करतं का? त्याआधी मासिकाला स्वतः लिही, की लेख चुकीचा आहे, मागे घेतो. कारणही लिही: प्राध्यापकांच्या बायकोने दगड धुतले आणि नंबर मनाने घातले. माझं पूर्ण नाव घाल. यांनी ते कधी कुणाला कळू दिलं नाही, आता कळू दे. आणि यांचं नाव आभारातूनसुद्धा काढ. जो लेख यांनी स्वतःच्या हाताने फाडला त्याच्या पायाशी यांना बसवू नकोस. कागदाची प्रत सोबत आहे, मूळ माझ्याकडे. मासिकाला तू लिहितोस की मी लिहू, तेवढं उलट टपाली कळव.

तुझीच,
मुक्ताकाकू