सत्तरचं पंच्याण्णव

प्रिय तायडे,

समोर बसून सांगायला तोंड नाही, म्हणून लिहितेय. जेवणाची सुट्टी आहे, लॅबच्या धुण्याच्या खोलीत उपड्या घातलेल्या बाटल्यांशेजारी बसलेय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुला सवय आहे. आज हसू नकोस.

काल तू जेवली नाहीस. आईला म्हणालीस, पित्त झालंय. पित्त कसलं, उद्या अकरा वाजता सरांच्या खोलीत जायचंय ते. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं ना, की बाई, ह्या दोन आकड्यांतला मोजलेला कुठला आणि मनाने लिहिलेला कुठला. मी दाराआड ट्रे घेऊन उभी होते. सगळं ऐकलं. आकडे बनवल्याचा डाग एकदा लागला की कुठलीच लॅब उभं करत नाही, हे तूच सांगितलंयस.

बारावीला दोनदा आपटूनही तुझं काम मला कळतं, कारण तू माझ्या भाषेत सांगितलंस. पान असो की शेवाळ, पोटात ऊन खायची यंत्रं असतात, आणि यंत्रांचे सुटे भाग म्हणजे प्रथिनं. शेवाळाला लोह कमी दिलं तर कुठला भाग किती घटतो, ते तू मोजतेस. शेवाळ भरडायचं, साबणासारख्या पाण्यात घालायचं, सत्तर अंशांवर पाच मिनिटं गरम करायचं, जेलीत सोडून वीज लावायची. शेवटी पट्ट्या उमटतात, प्रथिन जितकं जास्त तितकी पट्टी गडद, त्या माहीत असलेल्या मापाच्या पट्ट्यांशी ताडायच्या. मी म्हटलं होतं, म्हणजे शेवाळाची शिरगणतीच की. तू खूप हसलीस. आणि बजावलंस, जीव गेला तरी उकळायचं नाही, ही प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी गोळा होतात आणि जेलीच्या तोंडाशीच अडकतात.

स्टोअरवाल्या काकांचं गेल्या महिन्यातलं आठवतं ना? मी एक बाटली फोडली तर त्यांनी मला चार दिवस 'फोडाफोडी मंत्री' म्हणून हाक मारली. मी ठरवलं, ह्यांच्या नव्याकोऱ्या रजिस्टरवर हिरवं शेवाळ सांडायचं. खरं नाही गं, मेणाचं. हिरवा रंग घातलेलं मेण छोट्या नळीत भरलं. वितळवायला तुझा तो नळ्या तापवायचा विजेचा ठोकळा होताच. त्याला भोकं बारा, सगळं एकदम मावत नाही, म्हणून पोटभर लोह खाल्लेल्या शेवाळाच्या नळ्या तू आधी तापवून काढून घेतल्या होत्यास, उपाशी शेवाळाच्या नुकत्या लावून पलीकडे जेली ओतायला गेलीस. एक भोक रिकामं होतं. सत्तरवर मेण रेंगाळायला लागलं. तू येशील ही धास्ती. मी पंच्याण्णव केलं.

पाचेक मिनिटंच. मग परत सत्तर करून पसार झाले. काका रजिस्टर बघून असे किंचाळले की मी दोन दिवस हसत होते. तू मात्र जेली उजेडात धरून म्हणालीस, वर हा डाग कसला, आणि पट्ट्या इतक्या फिक्या कशा. मला तेव्हाच कळलं. मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी बाटल्या धुते.

मग ते फिके आकडे सरांनी मोठ्या कौतुकाने दुसऱ्या लॅबना कळवले, तू आठवड्याने पुन्हा मोजलंस तर घट निम्मीच निघाली, आणि सगळे तुझ्याकडे बघायला लागले. रोज वाटायचं, आज सांगू. रोज तुझं तोंड बघून मी बाटल्या धुवायला पळायचे. लहानपणी शेजाऱ्यांच्या दारावरच्या घंटा मी वाजवून पळायचे आणि कान तुझा पिळला जायचा. तू कधी माझं नाव घेतलं नाहीस. मला वाटायचं, ही मोठी आहे, हिला दुखत नसेल.

आता खरं कारण. ही कबुली मी दोनदा लिहिलीय, आणि पहिलं पत्र सकाळीच सरांच्या हातात दिलंय. ते उभ्याउभ्या वाचत होते आणि मला बसायलाही सांगत नव्हते. म्हणाले, उपाशी शेवाळ उरलंय का. मी म्हटलं, आहे. म्हणाले, तुझ्या बहिणीला सांग, उद्या अकराला अर्धं सत्तरवर आणि अर्धं पंच्याण्णववर माझ्यासमोर लावायचं. पंच्याण्णववाल्यात तोच डाग आणि तशाच फिक्या पट्ट्या आल्या की तू सुटलीस. माझ्या नोकरीचं ते बघू म्हणालेत, म्हणजे गेलीच समज. तुला आधी सांगितलं असतं तर तू पत्र फाडलं असतंस आणि म्हणाली असतीस, बटण माझ्याच हातून फिरलं. म्हणून तुला हे दुसरं. आज जेव.

तुझीच, ह्या वेळेला स्वतःचा कान पुढे करणारी,
धाकटी