बाहुली उन्हात

ती. आईस, लांबूनच पाया पडते.

आम्ही मजेत आहोत. माझी छकुली बालवाडीत रुळली. तुझा गुडघा बरा आहे ना?

परवा छकुली बाहुलीला दटावत होती, “उन्हात जाऊ नको, काळी होशील. मग कोणी खेळायला घेणार नाही.” मी बालवाडीवर खापर फोडणार होते, पण तिला टोपी घालताना पहिलं वाक्य रोज मीच म्हणते. पुढचं तिने स्वतः जोडलं.

मग आठवलं, लहानपणी मला उजळ करायला आत्याने वाटीत डाळीचं पीठ कालवलं होतं. तू ती वाटी भाजीत ओतलीस आणि तिलाच वाढलीस! तेव्हा मी नुसती हसले. उपकार आज कळले.

छकुलीला हे सांगितलं. तिने विचारलं, “आजी तुझ्यासारखी सावळी आहे?”

“उलटं गं, मी आजीसारखी!”

बाहुली आता गॅलरीत उन्हात बसते.

तुझ्याच रंगाची,
लेक