पालमला, वालूरमार्गे

परभणी,
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. अबोली,

तुला, महारुद्ररावांना आणि मी अजून डोळ्यांनी न पाहिलेल्या माझ्या नातीला भरभरून आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुझं पत्र सविताच्या पत्त्यावर पोचलं. भाजीच्या ताटलीखाली लपवून तिने ते भिंतीवरून दिलं. शेजारीण असावी तर अशी.

वैष्णवी आता घरभर पळते आणि कुठलीही पायरी दिसली की चढायला बघते, हे वाचून लय हसले. मग एकटीच बसून रडलेही. ते जाऊ दे.

मोठी बातमी सांगते. बाबांनी गाडी घेतली. चारचाकी! पांढरी, जुनी, डाव्या दाराला पोचा आलेली. तू वाचतेस ते खरं आहे. ज्या माणसाने आयुष्य सायकलवर आणि मग त्या खडखड स्कूटरवर काढलं, तो सासष्टाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकला आणि लायसन घेऊन पेढे वाटत आला. कशाला हो हे, विचारलं तर म्हणाले, "गुडघे. एसटीत चढवत नाही आता." गुडघे दुखतात हे खरंच आहे, म्हणून मी गप्प बसले.

गाडी योगीराज नावाच्या एका माणसाची. त्याची बदली नांदेडला झाली म्हणून विकली. माणूस सरळ, पण वेंधळा. गाडीचं कर्ज फेडलं आणि कागदावरून बँकेचं नाव काढायचंच विसरला. म्हणजे गाडी आमच्या दारात आणि कागदोपत्री बँकेकडे गहाण! बँकेचं पत्र आणल्याशिवाय आरटीओत नाव बदलत नाही. बँक म्हणते, ज्याने कर्ज घेतलं त्याला आणा. तो म्हणतो, रजा मिळाली की येतो. बाबा रोज सकाळी फाइल काखेत मारून निघतात आणि दुपारी तोंड पाडून परत येतात.

कालव्याच्या ऑफिसात हेडक्लार्क असताना ह्यांनी किती जणांचे अर्ज "त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावा" म्हणून परत केले असतील! परवा ह्यांचाच अर्ज त्याच शेऱ्यासह परत आला. मला हसू आवरेना. वाटलं आता चिडतील. तर चष्मा पुसत म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मी असतो तरी परतच केला असता."

असा माणूस. म्हणून तर तुझं-माझं हे असं होऊन बसलंय. तीन वर्षांपूर्वी दारात उभं राहून बोलले, "तू माझ्या घराची पायरी चढायची नाही, मी तुझ्या घराची चढणार नाही." बोलले ते बोलले, आता सरकारी आदेश असल्यागत पाळायलेत. न विचारता लग्न केलंस म्हणून राग, की जावई आपल्यातले नाहीत म्हणून, हे मलाही कधी धड सांगितलं नाही. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून, तुझ्याशी फोनवर बोलणार नाही अशी शपथ तेवढी मला घ्यायला लावली. शपथ फोनची होती, पत्राची नव्हती. हेडक्लार्कची बायको आहे मी, एवढं मलाही कळतं.

गाडीची पूजा अजून व्हायचीय. मी हौसेने नारळ आणला, झेंडूचा हार आणला. तर म्हणे, "नावावर झाल्याशिवाय पूजा नाही. लोकाच्या गाडीला कुंकू कशाला लावायचं?" हार सविताच्या देवाला गेला आणि नारळ चटणीत.

नातीला पाहायचंय गं मला. बाकी काही नको.

तुझी,
आई


परभणी,
१७ जानेवारी २०२५

चि. सौ. अबोली,

संक्रांतीचा आशीर्वाद. पाकिटात हलव्याचे चार दाणे घातलेत. पोस्टात चुरा झाला असेल तरी वैष्णवीच्या जिभेवर ठेव आणि आजीने पाठवलाय म्हणून सांग.

इथे फजितीचा नुसता कहर झालाय. सगळं लिहिते, पण वाचून झाल्यावर लगेच महारुद्ररावांना काही विचारू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच.

संक्रांतीच्या आधी बाबा सकाळीच म्हणाले, "पालमला भुजंगरावांकडे जाऊन येतो, गाडीला जरा मोकळा रस्ता लागेल." ऑफिसातल्या जुन्या दोस्ताकडे निघाले म्हणून मी दशम्या बांधून दिल्या. दुपार उलटली, फोन लागेना. संध्याकाळी लागला तर म्हणाले, गाडी बंद पडलीय. कुठे? तर तुमच्या वालूरच्या अलीकडे.

पालम कुठे, वालूर कुठे! एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. मी म्हटलं, "अहो, पालमला निघाला होतात ना?" तर म्हणाले, "रस्ता चुकलो." जिल्ह्यातला कालव्यांचा एकेक फाटा ज्याला तोंडपाठ, तो रस्ता चुकला! मी फोन ठेवला आणि देवापुढे दिवा लावला.

पुढचं त्यांनीच घरी आल्यावर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने. गाडी धूर सोडून थांबली. तासभर कोणी थांबेना. मग एक जण ट्रॅक्टर घेऊन आला. उतरला, बॉनेट उघडून बघितलं, म्हणाला, "काका, आता हिला ओढूनच न्यावं लागंल." आणि विचारलं, "कुठं चाललाव?"

"पालमला."

"पालमला? इकडून लय लांब पडंल की हो."

"हसला का?" मी विचारलं. "नाही," म्हणाले, "हसला नाही. दोर बांधायला लागला." दोर कसा बांधला, वळणावर कसा सावकाश घेतला, मागे वळून वळून कसं बघत होता, हे सगळं मला दोनदा सांगितलं. त्याने गाडी पुढच्या गावच्या पोलीस चौकीच्या आवारात लावून दिली, कारण गॅरेज बंद होतं. शेवटच्या एसटीत बाबांना बसवून दिलं. पैसे दिले तर हात मागे घेतला.

"नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही."

मग बराच वेळ पेपर तोंडासमोर धरून बसले आणि पेपराआडून म्हणाले, "जाताना पाया पडला. गाडी ओढून देणारा माणूस पाया पडतो का गं?"

मी म्हटलं, "चांगल्या घरचा असेल." एवढंच म्हटलं. स्वयंपाकघरात जाऊन मात्र पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी गाडी आणायला गेले तर चौकीतला हवालदार म्हणतो, "गाडी कोणाच्या नावावर आहे?" झालं! नावावर योगीराज, बोजा बँकेचा, आणि दारात उभे आमचे विष्णुपंत. हवालदार काही वाईट बोलला नाही, पण मालक आल्याशिवाय सोडता येत नाही म्हणाला. आमचे हे तिथल्या बाकावर बसून म्हणतात कसे, "बरोबर आहे, मी असतो तरी सोडली नसती." शेवटी योगीराज नांदेडहून धावत आला, लाजून मेला बिचारा, आणि त्याच पावली बँकेतही गेला. म्हणजे गाडी बंद पडली म्हणून कागद हलले.

मग क्रेन. क्रेनवाल्याने पुढची चाकं उचलून गाडी परभणीपर्यंत आणली. आपल्या गल्लीत शिरताना शाळा सुटायची वेळ. पोरं मागे पळतायत, क्रेनचा दिवा लुकलुकतोय, आणि बाबा क्रेनवाल्याच्या शेजारी ताठ बसलेले, जणू मिरवणूक त्यांचीच. सविता म्हणाली, "काकू, पूजा केली नाही म्हणून होतंय हे." मी म्हटलं, "त्यांना सांग." सांगायची हिंमत कोणाची?

गाडीच्या मागच्या सीटवर हरभऱ्याचा ढाळा होता. हिरवागार, ओल्या मातीसकट, दोन दिवस चौकीत राहून जरा मान टाकलेला. बाबांनी स्वतः उतरवून घेतला. "त्याने टाकला असेल," म्हणाले. अंगणात बसून आम्ही दोघांनी सोलून खाल्ला. एक घाटा टाकू दिला नाही त्यांनी.

आता विचार महारुद्ररावांना. ते तुला बोलले नसतील तर रागावू नकोस. मला वाटतं दोघांनीही एकमेकांची लाज राखली.

आणि अबोली, एक सांगू? माझा अंदाज आहे की गाडी पहिल्यांदाच चुकली नव्हती. आधी दोनदा ते "पालमला" गेले होते आणि भुजंगरावांची खुशाली विचारली की विषय बदलत होते. एसटीने वालूरला जायचं म्हणजे उतरावं लागतं. उतरलं की चार माणसं विचारणार, कोणाकडे आलात. गाडीतून माणूस काच लावून घरावरून जाऊ शकतो. पायरी चढायची वेळच येत नाही. गुडघे म्हणे!

तुझी,
आई


परभणी,
११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अबोली,

आशीर्वाद. गाडी आमच्या नावावर झाली. पोस्टमनने कार्ड आणून दिलं तेव्हा बाबांनी त्याला बसवून चहा पाजला आणि कार्ड देवापुढे ठेवलं.

मी म्हटलं, आता तरी पूजा करू, मी ओवाळते. तर म्हणाले, "तू नाही. आमच्याकडे नवी गाडी लेकीने ओवाळायची असते. अण्णांच्या सायकलीला आमच्या ताईने ओवाळलं होतं."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. तीन वर्षांत ह्या घरात लेक हा शब्द ऐकला नव्हता मी.

"मग पायरीचं काय?" मी विचारलं.

"गाडी रस्त्यावर असते. रस्ता सरकारी आहे. तिथे कोणी उभं राहायचं, हे मी कोण सांगणार?"

आधी मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, उडीच मारली मनात. आणि मग असा संताप आला म्हणून सांगू! म्हटलं, "म्हणजे माझी लेक तीन वर्षांनी येणार, रस्त्यावर उभी राहून तुमच्या पत्र्याला ओवाळणार, आणि आल्या पावली परत जाणार? घोटभर पाणीही न पिता? नातीला मी काय गटारापलीकडून बघू? तसं असेल तर बोलावू नका तिला. आणि बोलावलंत तर मीही त्या दिवशी रस्त्यावरच बसेन. जेवणखाण तिथेच. रस्ता सरकारी आहे ना!"

एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर असा आवाज चढवला नव्हता. हे मी तेव्हाच करायला हवं होतं, तू दारात उभी होतीस तेव्हा. ते पान अर्धं टाकून उठले. दोन दिवस झाले, नुसती गाडी पुसायलेत.

म्हणून तुला लिहिते, बाई. त्यांनी सविताकडून निरोप पाठवला तरी नुसत्या ओवाळण्यासाठी येऊ नकोस. तुझा अपमान मी एकदा बघितला, पुन्हा नाही बघवणार. मला तुम्हा तिघांना बघायचंय, जीव तुटतो माझा, तरी सांगते, येऊ नकोस. पायरी चढून येणार असशील तरच ये.

आणखी एक लक्षात आलंय. तुला लिहायला लागल्यापासून कपाटातली पाकिटं संपतच नाहीत. मी तर एकदाच आणली होती. तिकिटंसुद्धा लावलेली असतात.

आत्ता लिहितेय तर दारात येऊन उभे राहिलेत. म्हणतात, "पोस्टाकडेच चाललोय. दे, मी टाकतो. चिकटवू नकोस, डिंक लावून देतो." कोणाला पत्र, काय पत्र, काही विचारलं नाही. देऊ की नको? देते. वाचलं तर वाचू देत.

तुझी वाट बघणारी,
आई


विषय: वाहनपूजन.

चि. अबोली,

खाली जागा कोरी होती म्हणून लिहितो. रविवार, दि. २३ रोजी सकाळी गाडीची पूजा योजिली आहे.

तीन वर्षांपूर्वी मी जे बोललो ते तुझ्यापुरते होते. चि. वैष्णवीचा त्यात उल्लेख नाही, तेव्हा ती जन्मली नव्हती. सबब तिला घरात येण्यास कोणतीही हरकत नाही. मात्र ती पायरी दिसली की चढते असे तुझ्या पत्रांवरून समजते. आपली पायरी उंच आहे व एका बाजूस कठडा नाही. एवढे लहान मूल तीवर एकटे सोडता येत नाही, बरोबर आई लागतेच. ते नियमात बसते. मी सगळीकडून तपासून पाहिले.

ट्रॅक्टरवाल्यांना आवर्जून आणावे. त्या दिवशी नाव विचारायचे राहिले, ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचे आहे.

तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तिचे बरोबर आहे.

पोरी, मी दोनदा तुझ्या दारावरून गेलो. एकदा तू अंगणात कपडे वाळत घालत होतीस. मला काच खाली करता आली नाही.

चढताना हात दे. मी पायरीवरच उभा असेन.

आपला विश्वासू
(हाताची सवय)
तुझा,
बाबा